दोरीवरचे कागद

तळ्याचं पाणी खाली गेलं की मला शाईचा वास येतो. चिखलाचा यायला हवा, शेवाळाचा यायला हवा, पण येतो शाईचा. काळी, जाड, तेलकट शाई, आणि तिच्या मागून रॉकेल. मागच्या वैशाखात हा वास आमच्या अंगणात आला आणि तेव्हापासून तो उन्हाळ्याचाच होऊन बसला. मोहफुलं संपतात, तेंदूपत्त्याची माणसं डोक्याला फडकी बांधून जंगलाकडे निघतात, तळ्यामधलं जुनं खोड पाण्याबाहेर डोकं काढतं, आणि तिकडे चंद्रपूरला पोरांच्या परीक्षा सुरू होतात. हे सगळं एकदमच होतं. मग माझं चित्त एका जागी राहत नाही. भात चुलीवर ठेवते आणि बाहेर येऊन उभी राहते. आत जाते, पुन्हा बाहेर येते. कोणी यायचं असतं असं नाही. उगीच.

यंदा शीतलचा फोन आला. शीतल माझी मुलगी, चंद्रपूरला चित्रकलेच्या कॉलेजात शिकते, तिथंच मैत्रिणीसोबत खोली करून राहते. म्हणाली, "आई, यंदा तळ्याच्या दिवशी मी नाई येत."

"काऊन व?"

"परीक्षा हाय."

"मागच्या साली बी होती."

मागच्या सालच्या परीक्षेत ती राहिली होती. तीच परीक्षा यंदा पुन्हा द्यायची होती. आणि ती का राहिली हे आम्हा दोघींना ठाऊक होतं, म्हणून कोणीच पुढं बोललं नाही. "जेवली काय?" मी विचारलं. "हाव," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला तरी मी माझा कानाला लावून तशीच उभी होते.

तिच्या विषयाला प्रिंटमेकिंग म्हणतात. लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, कोरून जो भाग उंच उरतो त्यावर रोलरनं शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि मागून घासायचा. कागद उचलला की चित्र त्यावर आलेलं असतं. पुन्हा शाई, पुन्हा कागद. एका फळीतून असे कितीतरी कागद निघतात. मी त्याला छापकाम म्हणते. ती कॉलेजात गेली तेव्हा गावात सगळ्यांना त्याचं नवल होतं. आमच्याकडचे नामदेवभाऊ म्हणाले होते, "नोटा छापाले शिकवते काय तिथी? शिकली का आमच्यासाठी बी एक गड्डी आनजो पोरी." शीतलच्या बाबांचा हिशेब वेगळाच होता. बल्लारपूरला कागदाचा कारखाना आहे, पोरगी कागदाचं काही शिकली तर तिकडे लागेल, असं त्यांना वाटायचं. तिनं त्यांना कधी समजावलं नाही. त्यांनी कधी विचारलंही नाही.

मी चौथीपर्यंत शाळेत गेले. कॉलेजात पोरांना काय शिकवावं हे मला कोणी विचारणार नाही, आणि विचारलंच तर मी पदर तोंडाशी धरून आत जाईन. चार माणसं बसलेली असली की माझा आवाजच निघत नाही. पण मनात येतं ते येतं. भांडी घासताना येतं, धान निवडताना येतं. छापकाम शिकणाऱ्या पोरांना काय शिकवायला पाहिजे? वर्षभर हा एकच प्रश्न माझ्या मागं लागला आहे, आणि घरात कोणी नसलं की मी तो असा लिहून पाहते. लिहिताना लाज वाटत नाही.

मागच्या हिवाळ्यात एकदा मी तिच्या कॉलेजात गेले होते. पोरांची चित्रं मांडली होती, घरच्यांना बोलावलं होतं. मी भिंतीला धरून चालत होते. तिच्या मॅडम आल्या आणि दोन कागद माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "सांगा ताई, यातला आधी छापलेला कोणता आणि नंतरचा कोणता?" दोन्हींवर एकच चिमणी होती. मी खूप वेळ पाहिलं. चोच पाहिली, पंख पाहिले, पायाखालची काडी पाहिली. काही सांगता येईना. वाटलं, आपल्या पोरीची लाज जाते आता. मॅडम हसल्या. "नाही ना येत सांगता? मलाही येत नाही. म्हणूनच हे चांगलं झालं. ज्याला शेवटचा मिळेल, त्याचाही पहिल्याइतकाच चांगला असला पाहिजे."

हे मला लगेच कळलं, कारण आमच्या तळ्यावर असंच असतं.

आम्ही ढिवर. गावच्या तळ्यात सगळ्यांनी मिळून मासे सोडायचे, सगळ्यांनी मिळून राखायचे. वैशाखात पाणी कमी झालं की एक दिवस ठरतो आणि सगळी घरं तळ्यात उतरतात. मोठं जाळं एका अंगानं लावून दोन्हीकडून ओढत आणतात. बाया दोराला लागतात, म्हातारे तळ्याच्या पाळीवरून, बांधावरून, ओरडून सांगतात, पोरं चिखलात लोळतात. जाळं काठाला आलं की पाणी उकळल्यासारखं होतं. मग पाळीवर आंब्याच्या सावलीत नामदेवभाऊ हिस्से घालतात. घराला एक ढीग. एका ढिगात मोठी मरळ पडली तर दुसऱ्यात दोन कटले, वर मूठभर झिंगे. भाऊ ढीग करतात, लांब जाऊन पाहतात, परत येऊन एक मासोळी इकडची तिकडे करतात. त्यांचं समाधान होईपर्यंत कोणी बोलत नाही. मग कोणीतरी एक जण ढिगांकडे पाठ करून बसतो. भाऊ काडीनं एक ढीग दाखवतात आणि विचारतात, "हा कोनाचा?" पाठ केलेला माणूस एका घराचं नाव घेतो. तो ढीग त्या घराचा झाला. बदलून मागायचा नाही, परत करायचा नाही. जे घर आजारी आहे, जे आलं नाही, त्याचंही नाव घेतात. हिस्से घालणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या शेवटी. आपल्याला कोणता उरेल हे भाऊंना ठाऊक नसतं, म्हणून ते प्रत्येक ढीग आपलाच असल्यासारखा घालतात.

मागच्या सालच्या परीक्षेसाठी शीतलनं हाच दिवस कोरला. आदल्या साली काढलेले फोटो तिच्या फोनमध्ये होते, त्यावरून. हिवाळाभर ती फळी तिच्या खोलीत, तिच्या मांडीवर. सुट्टीत घरी आली तेव्हाही सोबत. मी जेवायला हाक मारायची आणि ती अंगावर लाकडाचा भुगा घेऊन यायची. दोराला लागलेली सगळी माणसं तिनं कोरली होती, आणि ती नुसती माणसं नव्हती. पाठीवरून कळायचं, उभं राहण्यावरून कळायचं, ही कोण आणि हा कोण.

फळी कोरून झाली तेव्हा परीक्षा तोंडावर होती. दहा कागद अगदी सारखे छापून दाखवायचे होते. कॉलेजात प्रेसवर गर्दी, आणि तिच्या खोलीवर टिनाचं छप्पर. चंद्रपूरचं ऊन, शाई पातळ होऊन पसरायची. म्हणून ती फळी, शाई आणि नागपूरहून आणलेले जाड कागद घेऊन घरी आली. आमचं घर मातीच्या कवेलूचं, कौलारू, मधली खोली गार असते. तिथं आम्ही दोघींनी छापलं. ती शाई लावायची, कागद ठेवायची, आणि मी चमच्याच्या पाठीनं घासायची.

"आई, जोर नोको लाऊ."

"कुठी जोर लावली?"

"इथी पाय ना, दबून राह्यलं. सारखं फिरव."

"सारखंच तं फिरवून राह्यली."

"तुही पार्बताबाई आली का हात हळू होते. सगळ्यायवरून एकसारखा फिरव."

खरं होतं ते. पार्बताबाई आमची शेजारीण. कागदाखाली तिची पाठ आली की माझा हात आपोआप हळू व्हायचा. मग मी डोळे दुसरीकडे लावले आणि हात फिरवला. कागद उचलायची वेळ आली की दोघी श्वास धरायचो. एक कोपरा, मग दुसरा, आणि मग शाई सोडताना जो बारीक आवाज येतो तो. मला आजही तो आवाज ऐकावासा वाटतो. आपण केलेलं काही इतक्या लवकर, इतकं पुरतं समोर येतं असं माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही. पोळी फुगते तेव्हा थोडंसं वाटतं, पण पोळी खाल्ली जाते.

कागद अंगणात दोरीला लावले. शीतलचे बाबा काठी घेऊन कोंबड्या हाकत बसले. काही कागद फिके आले होते, ते वेगळ्या दोरीवर. चांगले दहा या दोरीवर.

दुसऱ्या दिवशी तळ्याचा दिवस होता. तळ्यावरून गावात जायची वाट आमच्या अंगणाला लागून आहे. माणसं आपापला हिस्सा टोपल्यात घेऊन ओल्या कपड्यांनी परतत होती आणि दोरीपाशी थांबत होती. आधी पोरं थांबली, मग बाया. पार्बताबाईनं टोपलं खाली ठेवलं आणि कागदाला नाक लागेल इतकी जवळ गेली.

"हे मी होय काय? माही पाठ एवढी वाकली?"

"वाकली नाई बाई," शीतल म्हणाली, "तू दोर ओढून राह्यली."

"हाव. मंग ठीक हाय." आणि मग तिची नजर पुढं सरकली. चित्रात तिच्या मागं तोच दोर धरून तिचा नवरा उभा होता. फोटो काढला त्यानंतरच्या पावसाळ्यात तो गेला होता. तिनं बोट पुढं केलं, पण ओलं होतं म्हणून मागं घेतलं.

गर्दी झाली. कोण कुठं आहे ते सगळे शोधत होते. कोणीतरी म्हणालं, "पोरी, आमचा हिस्सा यातला कोनता?" सगळे हसले. नामदेवभाऊ कागदांकडे पाठ करून आमच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "आज मी पाठ करतो. तू ईचार." शीतलही हसत होती. तिच्या हातात छापायचा चमचा होता, तो तिनं पहिल्या कागदाला लावला. "हा कोनाचा?" "पार्बताबाईचा." पार्बताबाईनं दोन्ही हात पदराला पुसले आणि ओंजळ पुढं केली. शीतलनं कागद दोरीवरून काढला आणि ओंजळीवर ठेवला.

मी दारात उभी होते. मला वाटलं, गंमत आहे, आता परत घेईल. पण "हा कोनाचा?" पुन्हा झालं. आणि पुन्हा. एकाला दिल्यावर दुसऱ्याला काय सांगणार? ज्यांची नावं आली ते कागद छातीशी धरून निघाले. ज्यांची आली नाहीत त्यांना ती म्हणाली, उद्या आणखी काढते. शेवटी दोरीवर तीन उरले तेव्हा भाऊंनी आमच्या घराचं नाव घेतलं. वाटणाऱ्याचं नाव शेवटी, म्हणून वाटप तिथंच थांबलं. रीतीप्रमाणे बरोबरच होतं.

सगळे गेल्यावर मी म्हणाले, "व पोरी, परीक्षेचं काय?"

"फळी हाय ना. मैत्रिणीकडून कागद आनते, उद्या पुन्हा काढू." मग हळू म्हणाली, "एवढे जन उभे होते आई. नाई कसं म्हनू?"

दुसऱ्या दिवशी तिनं फळी रॉकेलनं पुसली आणि भिंतीच्या सावलीत टेकवून ठेवली. मग दमून झोपली. सावली सरकली आणि ऊन फळीवर आलं. आम्ही आत होतो. बाहेर कोणी कुऱ्हाडीनं वाळलेलं लाकूड फोडावं असा आवाज झाला. मी बाहेर येऊन पाहिलं तर फळीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चीर गेली होती, दोराला लागलेल्या माणसांच्या मधून.

ती रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली. तीन चांगले, बाकी फिके. दहा सारखे नसले तर वर्ष जाणार. बाबा जाळं शिवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर मान वर न करता म्हणाले, "देल्लं ते देल्लं. आता कोनत्या तोंडानं मांगशीन?" शीतल भिंतीकडूनच म्हणाली, "बाबा बरोबर बोलून राह्यले. आई, तू कुठी जाऊ नोको."

पण मी गेले. मी, जी दुकानात वजन कमी भरलं तरी बोलत नाही. ऊन उतरायच्या आधीच निघाले, म्हणजे वाटेत कोणी भेटणार नाही. जाताना वाक्य जुळवत होते. पोरीची परीक्षा हाय, चार दिवसासाठी द्या. एवढंच तर बोलायचं होतं.

पार्बताबाईच्या घरी कागद भिंतीला लागलेला होता. भाताच्या पेजेनं चिकटवला होता, देवाच्या फळीशेजारी, आणि नवऱ्याच्या कपाळाजवळ हळदीचं बोट. "ये व सुमन," ती म्हणाली. "तुह्या पोरीनं आमाले पुन्हा एका दोराले लावलं पाय." मी चहा प्यायले. कागद चांगला दिसते, असं म्हणाले आणि उठले. पुढं कोमलच्या घरी गेले, ती नुकतीच लग्न होऊन आलेली सून. तिनं आधी फोन दाखवला. कागदाचा फोटो तिनं स्टेटसला ठेवला होता. "मावशी, माह्या माहेरचे पाहून राह्यले, म्हनते तुमच्या गावात असं कोन काढते." कागद चार घड्या करून गादीखाली ठेवला होता, चुरगळू नये म्हणून. मी तिला काय बोलणार? ताराबाईचा कागद तर गावातच नव्हता. तिचा मुलगा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात कंत्राटावर आहे, तो सकाळच्या गाडीनं घेऊन गेला होता. "खोलीवर लावतो म्हनला. तिथी त्याले करमत नाई." प्रत्येक घरी मी जुळवलेलं वाक्य घेऊन बसले, आणि प्रत्येक घरातून हातात काहीतरी घेऊन निघाले. कोणी आंबे दिले, कोणी सुकवायला ठेवलेले झिंगे.

नामदेवभाऊंच्या दाराशी मी आत गेलेच नाही. ते बाहेरच बसले होते. माझ्या पदरातले आंबे पाहिले, माझं तोंड पाहिलं.

"काई मांगाले आली काय व?"

"नाई भाऊ."

"आवाज आला होता दुपारी. फळीचा होय काय?"

मी मान डोलावली आणि घरी आले.

दिवेलागणीच्या आधी माणसं येऊ लागली. पहिले भाऊच आले. त्यांनी आपल्या कागदाची सुरळी करून जाळ्याच्या सुतानं बांधली होती, सुताची खूण त्यावर उठली होती. कोमल चार घड्यांचा घेऊन आली. दिलेला हिस्सा परत आलेला मी आमच्या गावात जन्मात पाहिला नव्हता. सगळे ओट्यावर ठेवत होते आणि बाजूला उभे राहत होते. शेवटी पार्बताबाई. तिनं कागद भिंतीवरून पाणी लावून सोडवला होता. मागं माती, एक कोपरा फाटलेला. "कुकू नाई लावलं," ती शीतलला म्हणाली, "हळदीचंच बोट हाय, पुसून घे. परीक्षा झाली का मले परत आनून देजो."

शीतल उठून बसली होती. तिनं प्रत्येकाचा कागद दोन्ही हातांनी घेतला.

तिनं तेच दहा परीक्षेत मांडले. तीन चांगले, आणि हळद-मातीचा, घड्यांचा, सुताचा, असे परत आलेले. जे आले नाहीत त्यांच्या जागी फिके. बाहेरचे सर आले होते तपासायला. त्यांनी विचारलं, हा डाग कसला? ती बोलली नाही. माझीच पोरगी, चार माणसांत तिचाही आवाज निघत नाही. ती त्या विषयात राहिली. नंतर मॅडमनं मला फोन केला, त्यांना फार वाईट वाटत होतं. "ताई, तीन अगदी स्वच्छ होते. तेवढेच मांडून फळी तडकली म्हणून सांगितलं असतं, तर मला काही बोलता आलं असतं. हे बाकीचे का मांडले तिनं?" मी शीतलला विचारलं. ती म्हणाली, "एवढ्या लोकायनं घरून आनून देल्ले. नाई कसं म्हनू?"

देतानाही तेच, घेतानाही तेच.

तेव्हापासून मी हे मनात घोळवते आहे. कधी भाऊंचा राग येतो, पाठ करून बसायची काय गरज होती. पण ते बसले नसते तर दुसरं कोणी बसलं असतं. कधी त्या बाहेरच्या सरांचा येतो. तो राग टिकत नाही. हळद लागलेला कागद आणि कोरा कागद सारखे नसतात हे मलाही दिसतं, आणि हिस्से सारखे नसले की काय भांडणं होतात ते मी तळ्यावर पाहिलं आहे. मग वाटतं, लाकूड उन्हात ठेवू नये हे शिकवावं. ते तर मॅडमनं शिकवलंच होतं. बोलायला शिकवावं का? पटाशी कशी धरायची, शाई किती लावायची हे शिकवतात, तसं एक दिवस पोरांना उभं करून, हा डाग कसला हे सांगायला लावावं. कागद हातातून सुटला की कुठं कुठं जातो, कोणाच्या चुलीजवळ, कोणाच्या गादीखाली, कोण त्याला घेऊन गडचांदूरच्या खोलीत एकटं बसतं, हेही त्यांना दाखवायला न्यावं. आणि नाही म्हणायला शिकवावं. हे सगळ्यात आधी. माझ्या आईनं मला शिकवलं नाही, मी शीतलला शिकवलं नाही, आमच्या घरात ते कोणाला येतच नाही.

असं म्हणते आणि लगेच दुसरं मन उठतं. शिकली आणि मग सगळ्यांनाच नाही म्हणू लागली तर? तिनं त्या दिवशी ओंजळीवर कागद ठेवला तेव्हा पार्बताबाईचं तोंड मी पाहिलं होतं. ते कोणत्या परीक्षेत धरतात? मला दोन्ही पाहिजे आहे. दोन्ही एका पोरीत कसं मावतं ते कळत नाही. मग मी भात पाहायला आत जाते, आणि बाहेर येते.

यंदा तळ्याचा दिवस तिच्याशिवाय झाला. हिस्से पडले, आमचाही ढीग आला. दोन-चार जणांनी विचारलं, शीतल नाई आली? परीक्षा हाय, असं बाबांनी सांगितलं. कोणी पुढं विचारलं नाही. तेही मला टोचलं.

परीक्षेच्या दिवशी मी सुकवलेले झिंगे आणि आंब्याचं लोणचं घेऊन चंद्रपूरला गेले. सर अजून यायचे होते. लांब खोलीत पोरं आपापल्या कागदांपाशी उभी होती. शीतलचे दहा एका ओळीत भिंतीवर. मी लांबूनच पाहिलं आणि मला कळलं की सारखे आहेत. जवळ गेले. तळ्याची पाळ, आंब्याची सावली, आणि सावलीत ढीग. प्रत्येक मासोळीचे खवले कोरलेले. एका ढिगावरची मरळ इतकी ओली दिसत होती की माझा हात आपोआप पुढं गेला.

"आई, हात नोको लाऊ."

ती हळू बोलली, पण लगेच बोलली. मी हात मागं घेतला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला. मला बरं वाटलं. आणि छातीत कुठंतरी बारीक खुपलंही. मग मी पुन्हा पाहिलं. पाळ होती, ढीग होते, जाळं बाजूला पडलेलं होतं.

"मानसं कुठी हायेत व?"

"नाई काढली." ती हसली. "मानसं काढली का मंग ते मांगाले येते."

मीही हसले. दुसरं काय करणार होते? सर आले, चष्मा वर करून एकेक कागद पाहिला, पुन्हा पहिल्यावर गेले, मान डोलावली आणि लिहून घेतलं. त्यांनी काही विचारलं तेव्हा शीतलनं उत्तर दिलं. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण तिची मान खाली नव्हती. मॅडम जाता जाता माझ्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "यंदा काळजी नाही, ताई."

"कसे झाले?" शीतलनं विचारलं.

"सारखे झाले," मी म्हणाले. ती खूश झाली.

परतताना गाडीत मी खिडकीला डोकं टेकवून बसले होते, आणि माझ्या मनात ते रिकामं तळं. वर्ष वाचलं होतं. वर्ष वाचावं म्हणून मी वर्षभर तळमळले होते. आता ते वाचलं तर मला आनंदानं गाडीतल्या बाईशी बोलावंसं वाटायला हवं होतं. पण मी मनातल्या त्या चित्रात माणसं शोधत होते. पार्बताबाईची पाठ, भाऊंची काडी. पोरीनं त्यांना एकेक करून कोरून काढून टाकलं असेल का, की त्यांच्यावर पटाशी लावलीच नसेल?

गावात उतरले तेव्हा पार्बताबाई तळ्याच्या काठावर मासोळी साफ करत होती. मला पाहून विळी बाजूला केली.

"काय व सुमन. झाली काय पोरीची परीक्षा?"

"झाली बाई. चांगली झाली."

"मंग यंदा मी कुठी हाय?"

मला ती हे विचारेल असं वाटलं नव्हतं. भिंतीवरचा तिचा कागद तिनं परत आल्यावर त्याच जागी लावला होता, तिला तेवढा पुरे असेल असं मी धरून चालले होते. दुसरी कोणी असती तर थाप मारली असती. मला तेही येत नाही.

"यंदा तू नाईस बाई."

"मंग कोन हाय?"

"कोनीच नाई. नुसती पाळ हाय आन माशायचे हिस्से पडले हायेत."

पार्बताबाईनं तळ्याकडे पाहिलं. पाणी पार मधोमध गेलं होतं, काठाचा चिखल तडकला होता. तिच्या हातातल्या मासोळीवरून पाणी टपकत होतं.

"सगळे पडले हायेत? कोनी उचलले नाई?"

"नाई. सगळे पडूनच हायेत."

"मंग आमी अजून यायचे हाओत," ती म्हणाली, आणि विळी पुढं ओढून मासोळीचे खवले काढू लागली.